आजी म्हापशात जन्मलेली, 1958 पासून भुसावळला. पासपोर्टसाठी तिला भारतीय नागरिकत्व घ्यावं लागेल का?

नाही, आजी 20 डिसेंबर 1961 पासून कायद्यानेच भारतीय नागरिक आहेत. वेगळा अर्ज लागत नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 7 खाली मार्च 1962 मध्ये गोवा, दमण व दीवसाठी आदेश निघाला. त्यात कसोटी जन्माची आहे, राहण्याची नाही: 20 डिसेंबर 1961 पूर्वी स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म त्या प्रदेशात झालेला हवा. त्यामुळे त्या आधीच खानदेशात आल्या होत्या, याने फरक पडत नाही. जुनं पोर्तुगीज नागरिकत्व ठेवायचं असेल, तर एका महिन्यात लेखी कळवायचं होतं. तसं केलेल्यांना आदेश लागू नाही.

घोडं अडतं ते नावापाशी. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दाखल्याचं भाषांतर आणि लग्नाचा पुरावा आधीच जोडून ठेवा.

मात्र पोर्तुगाल त्याच्या राजवटीत गोव्यात जन्मलेल्या अशा लोकांना आजही आपलं नागरिकत्व देतो. आजींनी तिथला पासपोर्ट घेतला असेल, तर कलम 9 नुसार भारतीय नागरिकत्व गेलं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) म्हणजे नागरिकत्व नव्हे.