ढकलल्यावर चालू होणाऱ्या गाडीचा ईसीयू खरोखर गेला आहे का?

प्रश्न : माझ्या कार्बोरेटरवाल्या जुन्या ओम्नीचे इंजिन कामातून गेल्यावर मी कोल्हापूरहून जुने एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे) इंजिन, त्याचे वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आणून बसवून घेतले. यंदाच्या पावसाळ्यात जांबोटीकडे फेऱ्या चालू असताना गाडी त्रास देऊ लागली. सेल्फ मारला की इंजिन चांगले फिरते, पण चालू होत नाही. उतारावर ढकलली की मात्र लगेच चालू होते. गॅरेजमध्ये स्कॅनर (ईसीयूतले दोष वाचणारे यंत्र) जोडला गेला नाही, म्हणून ईसीयू बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. बदलावा का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : एवढ्यात बदलू नये. ढकलल्यावर इंजिन चालू होते, याचा अर्थ त्या वेळी ईसीयू इंजेक्टर उघडतो आहे आणि स्पार्कही देतो आहे. पूर्ण मेलेल्या ईसीयूकडून हे होत नाही. त्यामुळे सेल्फ मारताना ईसीयूला वीज मिळते का, हे आधी पाहायला हवे.

चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागतो आणि पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद वाजतो का, ते पाहा. मग सेल्फ मारताना त्याच दिव्यावर नजर ठेवा. दिवा पार विझत असेल, तर ईसीयूची वायर बहुधा स्विचच्या अशा टोकाला जोडली आहे, जे सेल्फच्या वेळी बंद होते. रेडिओची लाइन अशीच असते, आणि इंजिन बदलताना हाताला लागली म्हणून तीच जोडली जाते. जुन्या इग्निशन कॉइलला जाणारी वायर सेल्फच्या वेळीही चालू राहते. तिच्यावर रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवावा, आणि ईसीयूची वीज त्या रिलेतून, १५ अँपिअरच्या फ्यूजसह, थेट बॅटरीवरून घ्यावी.

दिवा नुसता मंद होत असेल, तर बॅटरी आणि अर्थिंग तपासावे. सेल्फ मारताना बॅटरीवर साधारण ९.६ व्होल्टपेक्षा कमी दाब दिसू नये. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ईसीयूच्या अर्थ पिनेला लावून सेल्फ मारला असता ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर दोष अर्थिंगचा आहे. इंजिनची जाड अर्थ पट्टी रंगावरच आवळलेली असली, की सेल्फचा प्रवाह ईसीयूच्या बारीक अर्थ वायरींतून वाट काढतो, आणि चांगले ईसीयूही त्यात जळतात. आपल्या भागातल्या पावसात कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, हेही लक्षात घ्यावे. अशी वायर मीटरवर १२ व्होल्ट दाखवते आणि भार आला की कोसळते, म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब तिच्यावर पेटवून पाहावा. (ही तपासणी फक्त पुरवठ्याच्या वायरींवर करावी, सेन्सरच्या वायरींवर नव्हे.)

स्कॅनर जोडला न जाणे हा मला पुरावा वाटत नाही. बदललेल्या इंजिनाच्या गाडीत स्कॅनरच्या सॉकेटची वायर जोडायची राहून जाणे अगदी सामान्य आहे. त्याच्या १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीची वीज आणि ४ क्रमांकावर अर्थ आहे का, ते आधी पाहावे.

पुरवठा आणि अर्थ दोन्ही चोख असूनही ईसीयूकडून सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट मिळाले नाहीत, तर एकेक सेन्सर काढून पाहा. एखादा काढताच व्होल्ट परत आले, तर शॉर्ट त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. सगळे काढूनही ते आले नाहीत आणि वायरिंगही ठीक निघाले, तरच ईसीयूवर बोट ठेवता येईल. त्या वेळीही नवा लावण्याआधी इंजेक्टरचा रोध मोजावा. अशा इंजिनांत तो बहुधा १२ ते १६ ओहम असतो. फार कमी निघाल्यास नवाही ईसीयू जळेल. जुन्या बाजारातून घेताना लेबलावरचा क्रमांक हुबेहूब जुळवावा आणि इमोबिलायझर असलेला ईसीयू घेऊ नये, कारण दुसऱ्या चावीवर तो गाडी चालू होऊ देत नाही.

इंजिन बदलाची नोंद मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर लागते. ती झाली नसेल, तर कोल्हापूरचे बिल घेऊन बेळगावच्या आरटीओ कार्यालयात चौकशी करावी.