घरी बिअर बनवणाऱ्याने व्यावसायिक ब्रूइंगचा प्रात्यक्षिक कोर्स करावा का? तिथे नेमकं काय शिकवतात?

तुम्ही लिहिलंय की घरी छंद म्हणून वीस-वीस लिटरच्या बॅचेस करता, आता नोकरी सोडून प्रात्यक्षिक कोर्स करायचा विचार आहे, आणि पुस्तकात मिळत नाही असं तिथे काय मिळतं ते जाणून घ्यायचंय. मी असा कोर्स केलाय. माझं उत्तर: जरूर करा, पण एकच बॅच माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भरडण्यापासून केगमध्ये (बिअरच्या पिंपात) भरेपर्यंत तुमच्या हाताखाली राहील, असाच कोर्स निवडा. बाकीच्यांना मी हौशी सहल म्हणतो.

जाहिरातीतला फोटो नेहमी ब्रू डेचा, म्हणजे बिअर शिजवण्याच्या दिवसाचा असतो. वाफाळणारी केटल आणि तिच्यात हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) सोडणारा हात. पण ब्रू डे हे एका दिवसाचं काम, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतं. ६२-६३ अंशांना मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं भरडलेलं माल्ट) ठेवला की बिअर कोरडी, कमी गोड होते, ७० च्या पुढे गेलात की तोंडात दाट लागते, हे तुम्ही घरी करून पाहिलं असणार. त्यानंतर एल (उबेत आंबवलेली बिअर) दोन-तीन आठवडे टाकीत असते, लागर (थंडीत आंबवलेली) त्याहून बरीच जास्त. बिअर घडते किंवा बिघडते ती बहुतेक वेळा या दिवसांत. आठवडाभराच्या कोर्सला ते दिवस दिसतच नाहीत. शेवटच्या दिवशी आधीच तयार असलेल्या दुसऱ्याच कुठल्या तरी टाकीतली बिअर तुमच्या हातात देतात.

एक उदाहरण देतो. आंबणं थांबलंय, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०४८ वरून १.०१२ वर येऊन स्थिरावली आहे, म्हणजे साधारण पावणेपाच टक्के अल्कोहोल. घरी आपण इथे बाटल्या धुवायला घेतो. आम्हाला मात्र टाकीतून दोन नमुने काढायला लावायचे. एक झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, दुसरा तसाच. मग गरम केलेला थंड करून दोन्ही हुंगायचे. दोन्हींत लोण्याचा वास नसेल तर टाकी थंड करायला हरकत नाही. गरम केलेल्यालाच वास आला, तर डायअसेटिल (लोण्याचा वास देणारा पदार्थ) अजून व्हायचंय, त्याचा कच्चा माल बिअरमध्ये शिल्लक आहे. यीस्टला आणखी दोन-तीन दिवस ऊब देऊन थांबायचं. आमच्या तुकडीत अर्ध्या लोकांना सुरुवातीला तो वास कळायचाच नाही. काहींना तो इतरांपेक्षा मुळातच कमी जाणवतो, आणि आपण त्यांतले आहोत का हे धंद्यात पडायच्या आधी कळलेलं बरं.

यीस्टचंही तसंच. घरी पाकीट फोडून टाकलं की झालं. तिथे एका टाकीच्या तळाचं यीस्ट पुढच्या बॅचला वापरतात, त्यामुळे ते मोजावं लागतं. मिथिलिन ब्लूचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघायचं: मेलेल्या पेशी निळ्या पडतात, जिवंत बिनरंगी राहतात. १२ प्लेटोच्या (प्लेटो हे साखरेच्या प्रमाणाचं माप) एल वर्टला, म्हणजे न आंबलेल्या गोड रसाला, दर मिलिलिटरमागे साधारण १ कोटी २० लाख जिवंत पेशी लागतात. सुरुवातीला मान अवघडते, डोळे दुखतात आणि शेजाऱ्याचा आकडा आपल्याशी जुळत नाही. हात बसायला वेळ लागतो, आणि कोर्सच्या फीमधला मोठा भाग माझ्या मते याच वेळाचा असतो.

आता सफाई. ब्रूअरच्या कामात सगळ्यात जास्त वेळ धुण्यात जातो, हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरंच आहे. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), पुन्हा पाणी, मग ॲसिड, शेवटी पेरॲसेटिक ॲसिडने निर्जंतुकीकरण. क्रम पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. खरी शिकवण वेगळी आहे. बिअर काढून घेतलेल्या टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो बाहेर न घालवता कॉस्टिक सोडलं, तर दोघांची रासायनिक क्रिया होऊन वायू नाहीसा होतो, आत निर्वात पोकळी होते आणि स्टीलची टाकी आत चेपते. गरम धुतल्यावर लगेच गार पाणी मारलं तरी वाफ आकसून तोच धोका. म्हणून आम्हाला कॉस्टिकचा पंप सुरू करण्याआधी टाकी हवेशीर झाली का आणि वरचा मार्ग उघडा आहे का, हे मोठ्याने बोलून दाखवावं लागे. सुरुवातीला हसू यायचं. तोच वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि टाकीत डोकं घालणाऱ्याला काही कळायच्या आत बेशुद्ध करतो. या गोष्टी कोणी शेजारी उभं राहून शिकवलेल्याच बऱ्या.

अंगमेहनतीचा अंदाज आधी घ्या. १०० किलो माल्ट वापरलं की सव्वाशे किलोच्या आसपास ओला, गरम चोथा मॅश टनमधून (माल्ट भिजवायच्या भांड्यातून) फावड्याने बाहेर ओढावा लागतो. फरशी कायम ओली. पाठीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

कोर्स निवडताना संस्थेला सरळ विचारा: एका ब्रूहाऊसमागे (बिअर शिजवायच्या भांड्यांच्या संचामागे) किती विद्यार्थी? व्हॉल्व्ह आम्ही फिरवणार की बघणार? आमच्या बॅचचं यीस्ट पुढे वापरणार का? बिअर केगमध्ये कोण भरणार? उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे भरू नका. प्रमाणपत्राला किंमत आहे, पण नोकरी देणारा हेड ब्रूअर आधी हेच बघतो की पाइपांच्या जोडांचे क्लॅम्प आणि गॅस्केट तुम्ही न सांगता नीट बसवता का. खोल शास्त्र हवं असेल तर बर्लिनची १८८३ पासूनची व्हीएलबी किंवा म्युनिकजवळची डोएमेन्स या ब्रूइंग शिकवणाऱ्या संस्था आहेत, लंडनच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूअर्स अँड डिस्टिलर्सच्या (पूर्वीची इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंग) परीक्षाही आहेत. पण तो महिनोन्‌महिन्यांचा, रसायनशास्त्राचा अभ्यास. कोर्सनंतर तिकडे वळलेले लोक मी पाहिलेत, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो.

नोकरीचं म्हणाल तर लगेच राजीनामा देऊ नका. कोर्सनंतर पहिलं काम बहुधा सेलरमध्ये (बिअर आंबवायच्या टाक्यांच्या विभागात) मिळतं: टाक्या धुणं, केग भरणं, ग्रॅव्हिटी लिहून ठेवणं. रेसिपी ठरवायला कोणी देत नाही, आणि पगारही सुरुवातीला बेताचाच. एखाद्या छोट्या ब्रूअरीत सुट्टीच्या दिवशी केग धुवायला येऊ का, असं आधी विचारून बघा. बरेच जण हो म्हणतात. चार-सहा वेळा जाऊनही पुन्हा जावंसं वाटलं, तर कोर्सचा अर्ज भरा. आणि बूट मात्र स्वतःचे घ्या, टोकाला स्टील असलेले आणि पाणी आत न येणारे. संस्थेकडे असतात, पण तुमच्या मापाचे नसतात.