वाचकांचे प्रश्न : विस्थापितांचे संरक्षण आणि विस्थापितांचा शब्द

मागील अंकात विस्थापितांच्या वस्त्यांवर लिहिलेल्या टिपणानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी काही जण अजून त्याच वस्त्यांत काम करीत असल्यामुळे नावे व ठिकाणे गाळली आहेत.

प्रश्न : मी नुकताच एका मदतसंस्थेत रुजू झालो आहे. युद्धामुळे घरदार सोडून आलेल्यांच्या वस्तीत आम्हाला तीन महिन्यांत संरक्षण समित्या उभ्या करावयाच्या आहेत. प्रशिक्षणाचा आराखडा, ओळखपत्रे, जाकिटे असे सर्व तयार आहे. सुरुवात कोठून करावी?

जाकिटे काही दिवस पेटीतच राहू द्यावीत, अशी माझी विनंती आहे. जे लोक त्या वस्तीत पोहोचले आहेत, ते तुमच्या संस्थेच्या मदतीशिवाय पोहोचले आहेत. कोणत्या रात्री निघायचे, कोणता रस्ता टाळायचा, तपासणी नाक्यावर कोणी बोलायचे आणि कोणी गप्प राहायचे, कागदपत्रे कोणाच्या कपड्यांत शिवायची, चालू न शकणाऱ्या म्हातारीला कोणी उचलायचे, हे सर्व त्यांनी आपसांत ठरवले आणि त्यातून ते जिवंत राहिले. वस्तीत आल्यावरही हे शहाणपण थांबत नाही. बायका घोळक्याने सरपणाला जातात, शेजारीण शेजारणीची मुले सांभाळते, अनोळखी माणूस गल्लीत शिरला की कोणीतरी त्याला हटकते. याला समिती हे नाव नसते आणि त्याची नोंदही कोठे नसते, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्यावर नवी समिती आणून बसवली, तर पुष्कळदा जुनी घडी विस्कटते आणि नवी बसत नाही.

तेव्हा पहिले काही आठवडे दोनच गोष्टी विचाराव्यात : तुम्हाला कशाची भीती वाटते, आणि त्या भीतीवर तुम्ही आज काय करता? हे प्रश्न पुरुषांना वेगळे, बायकांना वेगळे, मुलींना आणखी वेगळे बसवून विचारावेत. अशा एका बैठकीत मी स्वतः बसले होते. पुरुषांनी काठीने जमिनीवर वस्ती आखली आणि धोक्याचे खडे फाटकापाशी व बाहेरच्या रस्त्यावर ठेवले. त्याच नकाशाभोवती नंतर बायका बसल्या, तेव्हा फाटकाकडे कोणी पाहिले नाही. शौचालयांच्या एका रांगेवर चौघींनी, एकमेकींशी न बोलता, एकेक खडा ठेवला. आमच्या पाहणीच्या तक्त्यात त्या रांगेपुढे ‘दारे आहेत’ असे लिहिले होते आणि ते खरेही होते. पण कडी बाहेरच्या बाजूने होती. मुली जोडीने जात, एक आत आणि एक बाहेर दार धरून उभी. अंधार पडल्यावर जावे लागू नये म्हणून अनेकींनी दुपारनंतर पाणी पिणेच सोडले होते. कड्या आतून बसवायला एका सुताराचा अर्धा दिवस लागला. मानवीय मदतीचे ‘स्फिअर’ मापदंड सांगतात की शौचालय राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावे आणि त्याला आतून कडी हवी. ते पुस्तक आमच्या कार्यालयात होते. तरी ती कडी दाखवली त्या बायकांनी.

त्यानंतर आम्ही एवढेच केले की जोडीने जाण्याची त्यांची रीत एकट्या राहणाऱ्या बायकांपर्यंत कशी पोहोचेल, हे त्यांनाच विचारले. त्यांनी गल्लीगल्लीतून ते लावून दिले. समिती म्हणाल तर ती तेथे अशी जन्माला आली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लोकांनी शोधलेला प्रत्येक उपाय चांगलाच असतो असे नाही. मुलीचे लग्न लहान वयात उरकणे, तिला घराबाहेर पडू न देणे, हत्यारबंद टोळीला हप्ता देणे, पुरुष गेला तर मारला जाईल म्हणून सरपणाला बाईलाच पाठवणे, हेदेखील घरातल्या माणसांनी काळजावर दगड ठेवून केलेले हिशेब असतात. त्यावर उपदेश करू नये. हा उपाय करण्याची पाळी येऊ नये म्हणून काय हवे, हे विचारावे. उत्तर बहुधा अगदी साधे मिळते : जळण, दिवा, शाळा, कमाईचे एखादे काम.

बाहेरच्या संस्थेने काय द्यावे, याचे एक उदाहरण बांगलादेशातील कुतुपालोंगचे आहे. २०१७ साली म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या तेथे आले आणि त्यांची वस्ती हत्तींच्या जुन्या वाटेवर उभी राहिली. काही महिन्यांत दहाहून अधिक निर्वासितांचा हत्तींनी जीव घेतला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने आणि निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मिळून निर्वासितांमधूनच स्वयंसेवकांची पथके तयार केली, टेहळणीचे मनोरे बांधले आणि आलेल्या हत्तीला न डिवचता परत कसे वळवायचे हे शिकवले. हत्तीविषयीचे ज्ञान, साहित्य आणि मनोरे बाहेरून आले. रात्रभर जागणारी आणि प्रत्येक गल्ली ठाऊक असलेली माणसे वस्तीतली होती. तुमच्या तीन महिन्यांत अशी वाटणी कशी होईल हे पाहावे, आणि तीन महिने पुरणार नसतील तर तसे वरिष्ठांना लेखी कळवावे. लोक बोलू लागण्याच्या आत प्रकल्प संपतात, हे मी फार वेळा पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : विस्थापितांनी आपले रक्षण आपणच करावे असे म्हणणे म्हणजे सरकारांना जबाबदारीतून मोकळे करणे नव्हे काय?

तुमची शंका रास्त आहे. तसे घडते आणि ते घडू देता कामा नये. देशांतर्गत विस्थापनाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९८ साली, या विषयासाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे प्रतिनिधी फ्रान्सिस डेंग यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली. त्या तीस तत्त्वांतील तिसरे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत सांगते की विस्थापितांना संरक्षण व मदत देण्याचे प्रथम कर्तव्य त्या त्या देशाच्या शासनाचे आहे. देशाची सीमा ओलांडलेल्यांच्या बाबतीत १९५१ चा निर्वासित करार आहे, आणि जेथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे त्यांना परत ढकलू नये, असे त्याचे ३३ वे कलम सांगते. लोक एकमेकांना सांभाळतात, म्हणून या बंधनांतून कोणी सुटत नाही.

लोकांच्या एकजुटीला मर्यादा कोठे येते, हे कोलंबियातील सान होसे दे आपार्तादो या वस्तीकडे पाहिले की कळते. यादवीत वारंवार गाव सोडावे लागलेल्या तेथील शेतकऱ्यांनी २३ मार्च १९९७ रोजी आपली वस्ती ‘शांतता समुदाय’ म्हणून जाहीर केली. हत्यार बाळगायचे नाही, कोणत्याही सशस्त्र गटाला माहिती द्यायची नाही, लढाईत कोणत्याही प्रकारे भाग घ्यायचा नाही, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. परदेशी स्वयंसेवक त्यांच्यासोबत राहू लागले. २००० साली आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या लोकांचे रक्षण करण्याचे आदेश राज्याला दिले. तरीही फेब्रुवारी २००५ मध्ये निमलष्करी टोळीने सैनिकांच्या साथीने तेथील आठ जणांना ठार केले. मृतांत लहान मुले होती आणि समुदायाचे नेते लुईस एदुआर्दो गेर्रा हेही होते. नियम पाळण्यात या लोकांची काही कसूर नव्हती. ज्याच्या हाती बंदूक आणि ज्याच्यावर कर्तव्य, त्याने ते पाळले नाही.

म्हणून माझी कसोटी अशी आहे : एखाद्या कामामुळे लोकांचा आवाज शासनापर्यंत अधिक जोराने पोहोचतो, की ते काम शासनाच्या जागी लोकांनाच पहाऱ्याला उभे करते? दुसऱ्या प्रकारात स्वयंसेवकाच्या हाती शिट्टी आणि विजेरी देऊन त्याला हत्यारबंद माणसापुढे उभे केले जाते. त्याला काही झाले तर त्याच्या कुटुंबाकडे कोण पाहणार, हे आधी ठरलेले नसेल, तर त्याला उभे करू नये.

प्रश्न : आमच्या छावणीत सर्व निर्णय दोन-तीन पुढारी घेतात. शिध्याच्या यादीत नाव घालण्यासाठी ते पैसे मागतात, असे दबक्या आवाजात ऐकू येते. ‘समाजाला विचारा’ म्हणतात, पण समाज म्हणजे कोण?

समाज म्हणजे एक माणूस नव्हे, हे तुमच्या पत्रातच आले आहे. पुढाऱ्यांना डावलून काम करता येत नाही, कारण संकटाच्या रात्री लोक त्यांच्याकडेच धावतात. आणि केवळ त्यांच्यामार्फतही करता येत नाही. त्यांना मान द्यावा, बैठकीला बोलवावे, पण यादी त्यांच्या हाती देऊ नये. कोणाला किती शिधा मिळणार आणि त्यासाठी काहीही द्यावे लागत नाही, हे वाटपाच्या जागी मोठ्या अक्षरांत लिहावे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने सांगावे, आणि तक्रारीसाठी पुढाऱ्यांच्या दारावरून न जाणारी एक वाट ठेवावी. वस्तूंच्या वाटपाचे नियोजन आणि वाटप यांत स्त्रियांचा पूर्ण सहभाग असावा, असे वर सांगितलेल्या तत्त्वांतील अठरावे तत्त्व खास नमूद करते. मात्र बायकांना नुसते बसवून उपयोग नाही. बैठक पाण्याच्या वेळेला ठेवली, तर त्या येणार नाहीत आणि अहवालात ‘महिलांचा प्रतिसाद अल्प’ असे लिहिले जाईल. ज्याला चालता येत नाही, ज्याची बोली वेगळी आहे, जो वस्तीतल्या अल्पसंख्य गटातला आहे, त्याच्या दारी आपणच जावे.

तक्रारीची वाट आपल्या स्वतःच्या संस्थेविरुद्धही उघडी असली पाहिजे. २००२ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमधील छावण्यांत मदतकार्यातील माणसेच शिध्याच्या बदल्यात मुलींचे लैंगिक शोषण करीत असल्याच्या तक्रारी उजेडात आल्या. त्याच वर्षी मदतसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंचाने सहा मूलभूत नियम घालून दिले : असे शोषण हे नोकरीवरून काढण्याजोगे गैरवर्तन, अठरा वर्षांखालील कोणाशीही संबंध निषिद्ध, मदतीच्या बदल्यात शरीरसंबंध निषिद्ध, इत्यादी. हे नियम कर्मचाऱ्यांच्या करारात असतात. ते वस्तीतल्या मुलींना त्यांच्या भाषेत माहीत आहेत का, हे विचारून पाहावे.

प्रश्न : अत्याचार झालेल्या बायकांची माहिती मी आपुलकीने वहीत लिहून ठेवली आहे. नावे, झोपडीचे क्रमांक, काय घडले ते सर्व. आता ही वही कोणाला द्यावी?

तुमच्या आपुलकीविषयी मला शंका नाही, पण ती वही त्या बायकांसाठी धोका आहे. ती हरवली, कोणी हिसकावली किंवा सहज चाळली, तरी एकेकीचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. ती आजच कुलपात ठेवावी, नव्या नोंदी थांबवाव्यात, आणि त्या भागात अशा प्रकरणांसाठी प्रशिक्षित कार्यकर्ती असेल, तर नावे न सांगता तिचा सल्ला घेऊन पुढे काय करायचे ते ठरवावे. एखादीची माहिती पुढे द्यायची असेल, तर ती त्या बाईला विचारून आणि तिच्या होकारानेच. यापुढे पीडित बायकांचा शोध घेत फिरू नये. उपचार कोठे मिळतात आणि तेथे नाव गुप्त राहते, हे सर्वच बायकांना सांगावे. जिला यायचे ती येईल. बलात्कारानंतर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ही माहिती वस्तीतल्या प्रत्येक सुईणीला असावी. कोणी स्वतःहून बोलली, तर ऐकावे, कारण विचारू नये, आणि तिला हवे असेल तर सोबत जावे.

प्रश्न : आमच्या वस्तीतले लोक गावी परतू इच्छितात. आमची संस्था म्हणते, तेथे अजून सुरक्षित नाही. कोणाचे ऐकावे?

निर्णय त्यांचा आहे. तुमचे काम तो डोळे उघडे ठेवून घेता येईल असे पाहण्याचे आहे. या बाबतीत मला नेहमी ग्वातेमालाच्या निर्वासितांची आठवण येते. १९८० च्या दशकात सैन्याच्या मोहिमांतून पळून मेक्सिकोत आलेल्या या शेतकऱ्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडले, ‘स्थायी आयोग’ स्थापन केले आणि ८ ऑक्टोबर १९९२ रोजी थेट ग्वातेमाला सरकारशी करार केला. परतणे स्वेच्छेने आणि संघटित असेल, जमीन मिळेल, संघटना करण्याचे व फिरण्याचे स्वातंत्र्य राहील, सोबत साक्षीदार असतील, अशा अटी त्यांनी मिळवल्या. २० जानेवारी १९९३ रोजी सुमारे अडीच हजार लोकांचा पहिला जथा निघाला. छावण्यांतल्या बायकांनी १९९० मध्येच ‘मामा माकीन’ ही आपली संघटना उभारली होती आणि जमिनीवर पतीबरोबर आपलेही नाव असावे, अशी मागणी लावून धरली होती. करारामुळे सर्व धोका टळला असे नाही. १९९५ साली परतलेल्यांच्या शामान या वसाहतीत सैनिकांच्या गोळीबारात अकरा जण मारले गेले. तरीही कोणत्या अटींवर जायचे हे त्यांनी ठरवले होते, आणि अटी मोडल्या तेव्हा दाद मागायला त्यांच्या हाती लेखी करार होता.

तुमच्या वस्तीसाठी पहिले पाऊल म्हणून, लोकांनी निवडलेल्या काही जणांना गाव पाहून परत येण्याची सोय करून द्यावी आणि त्यांनी पाहिलेले सर्वांपुढे सांगण्याची बैठक घ्यावी. भूसुरुंगांची माहिती तुमच्या संस्थेकडे असेल, तर ती जाण्यापूर्वी त्यांना द्यावी. पाहायला जाणाऱ्यांत निम्म्या बायका असू द्याव्यात. पुरुष शेत आणि घराच्या भिंती पाहून येतील. विहिरीत काय आहे, शाळेत सैनिक राहतात की मुले बसतात, सुईण गावात उरली आहे का, हे त्या पाहून येतील.