"ताई, देव जवळ वाटत नाही"

"उपासनेत सगळे डोळे मिटून गातात, कुणी रडतं, कुणी हात वर करतं. मला मात्र काहीच होत नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही आता ठाऊक असतं: "देव मला सोडून गेला का?" इंदुरात छावणीच्या बाजूला माझी समुपदेशनाची खोली आहे, त्याला सतरा वर्षं झाली. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्यामुळे मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं हे दुखणं माझ्याकडे आणतात. पाळकसाहेबांना सांगायचा संकोच वाटतो आणि घरी सांगावं तर "विश्वास कमी पडतोय" एवढंच ऐकायला मिळतं. कॉलेजातली मुलं येतात, निवृत्त झालेले काका येतात, संडे स्कूलच्या शिक्षिकासुद्धा येतात.

त्यातल्या एकीची हकिकत त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

सुनीताबाई शाळेत शिकवतात. वय सेहेचाळीस. माहेर नगरकडचं, लग्न होऊन इंदुरात आल्या त्याला बावीस वर्षं झाली. पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "दीड वर्ष झालं, ताई. प्रार्थनेला बसते आणि नुसता पंख्याचा आवाज ऐकू येतो."

उपाय करून झाले होते. शुक्रवारचा उपास, पहाटे चारला उठून प्रार्थना, महिन्यातून एकदा रात्रभर जागरण. प्रार्थनेच्या गटात कुणीतरी सांगितलं होतं की मनात लपलेलं पाप असणार, ते शोधा. म्हणून त्या वहीत पापं लिहून काढत होत्या. वही त्यांनी मला दाखवली. "फोनवर जाऊबाईंशी तुटक बोलले. मुलाचा डबा उशिरा दिला." अशी पानंच्या पानं, सुवाच्य अक्षरात, तारखेसकट. ती वही पाहून माझ्याच पोटात तुटलं.

अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "फक्त प्रार्थनाच कोरडी झालीय, की पोहेसुद्धा बेचव लागतात?" इंदूरच्या माणसाला हे बरोबर कळतं. खाणं, माणसं, काम यांतलं कशातच मन लागत नसेल आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस हे चाललं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे मी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवते. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, हे मी प्रत्येकाला सांगते आणि इथेही ठासून सांगते.

सुनीताबाईंना पोहे गोड लागत होते. झोप मात्र जेमतेम चार तासांची. मी त्यांना एलीयाची आठवण दिली. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात हा थकलेला संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. त्याला आधी झोप मिळते, मग भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप. देवाचा शांत, मंद आवाज पुढे, चाळीस दिवसांच्या वाटेनंतर. पहाटेचा गजर बंद करायला त्या तयार झाल्या, थोड्या नाखुशीनेच.

झोप सुधारली. प्रार्थना होती तिथेच राहिली.

चौथ्या भेटीत आईचा विषय निघाला. दीड वर्षापूर्वी आई गेली, कॅन्सरने. शेवटचे महिने ती इंदुरात यांच्याकडेच होती. "ती बरी होणार असं प्रार्थनेत सगळ्यांनी सांगितलं होतं. मीही कबूल केलं होतं." हे सगळं त्यांनी हजेरी घेतात तशा सुरात सांगितलं. मी त्यांना बोलू दिलं. आई पहाटे पीठ मळता मळता नारायण वामन टिळकांची भजनं गुणगुणायची, हे सांगताना सूर पहिल्यांदा जरा हलला.

मी विचारलं, "आईशी कुठल्या भाषेत बोलायचात?"

"मराठीत. दुसरं काय?"

"मुलावर रागावता तेव्हा?"

"मराठीतच. तो हिंदीत उत्तर देतो."

"आणि देवाशी?"

त्या गप्प झाल्या. इंदूरच्या त्यांच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, प्रार्थनेचा गटही हिंदीच. बावीस वर्षं त्या देवाशी "प्रभुजी, आपका धन्यवाद हो" असंच बोलत आल्या होत्या. हिंदीत खोट काहीच नाही. माझी स्वतःची निम्मी प्रार्थना हिंदीत होते. पण सुनीताबाईंची हिंदी प्रार्थना चारचौघांत शिकलेली होती. त्या भाषेत आभार होते, स्तुती होती. तक्रारीला शब्दच नव्हते.

"आईबद्दल देवाला एक वाक्य मराठीत सांगाल? आत्ता?"

खूप वेळ गेला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मग त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू आला नाहीस." आणि पुन्हा, मोठ्यानं, "मी रात्रभर हाका मारत होते, तू आला नाहीस रे!"

आणि त्या रडल्या. आई गेल्यापासूनचं पहिलं रडणं. मी टेबलावरचा पाण्याचा पेलासुद्धा पुढे सरकवला नाही. अशा क्षणी पाणी देणं म्हणजे "आता पुरे" म्हणणं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं आहे.

थोड्या वेळाने डोळे पुसत घाबरून विचारलं, "हे पाप झालं का?"

मी म्हटलं, "आत्ता कुणाशी बोललात?"

"...त्याच्याशी."

मला हेच मिळालं आणि तेच मी पुढे अनेकांना दिलं. दीड वर्ष त्यांना देव जाणवत नव्हता, पण त्याच्याशी खरं असं काही त्या बोललेल्याही नव्हत्या. नवऱ्याशी अबोला धरून गोड गोड बोलत राहिलं तर घरात जे होतं, तेच प्रार्थनेत झालं होतं. दाबून ठेवलेला राग एकटा दबत नाही. तो माया, आनंद, ओढ यांनाही बरोबर घेऊन खाली जातो. माझा कल कायम इकडेच आहे: आधी दुःख मोकळं करा, श्रद्धेचं नंतर बघू.

पवित्र शास्त्राला ही भाषा परकी नाही. स्तोत्र 13 च्या सुरुवातीलाच "कोठवर?" हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही. तरी ते सबंध स्तोत्र देवालाच उद्देशून आहे. आणि वधस्तंभावरची ती हाक! मार्काने शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं, पण "एलोई, एलोई, लमा सबखथनी" हे शब्द अरामीतच ठेवले. "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे येशूने आपल्या घरच्या बोलीत विचारलं. मी हे कितीदा वाचलं होतं; त्या दुपारनंतर ते मला नव्याने वाचता आलं.

मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की सुमारे पन्नास वर्षं त्यांनाही प्रार्थनेत असाच कोरडेपणा होता. पण हे उदाहरण मी पहिल्या भेटीत देत नाही. रडू फुटायच्या आधी दिलेलं मोठ्या माणसाचं उदाहरण तोंड बंद करतं.

तेव्हा तुमचंही असंच होत असेल तर शेजारच्याचे मिटलेले डोळे बघून स्वतःला मापू नका. त्याला काय जाणवतंय हे तुम्हाला ठाऊक नाही. प्रार्थना लांबवू नका, कमी करा. पण जी कराल ती आईशी बोलायचात त्या भाषेत करा. रविवार चुकवू नका. ज्या दिवशी ओठ हलत नाहीत त्या दिवशी बाकीची मंडळी तुमच्या वाटचं गातात, मंडळी असतेच त्यासाठी. प्रभुभोजनाची भाकर हातावर घ्यायला भावना दाटून यावी लागत नाही. आणि कुणी तुमच्या कोरडेपणात पाप शोधायला निघालं, तर त्यांना नम्रपणे थांबवा.

सुनीताबाई अकरा वेळा आल्या. गेल्या महिन्यात छावणीच्या बाजारात भेटल्या, हातात मेथीची जुडी. देव जाणवतो का, हे मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "काल भांडी घासताना भांडले त्याच्याशी. मग झोपले छान." आईच्या आठवणीची प्रार्थना होती त्या संध्याकाळी, घरीच, मराठीत. मुलगा शास्त्रवाचन करणार होता.

"त्याला अजून ळ येत नाही, ताई. लहानपणी आजीला म्हणायचा, 'आजी, जवल ये.' ती दहा वेळा म्हणायला लावायची," त्या हसल्या आणि मेथी पिशवीत टाकून घाईने रिक्षाकडे गेल्या.