कॅल्शिअम बसल्यावर प्रथिन ताठ होतं की सैल?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तू कॅल्मोड्युलिनचं (पेशीत कॅल्शिअमचा संकेत ओळखणारं प्रथिन) संगणकावर सिम्युलेशन केलंस, एकदा कॅल्शिअमसह आणि एकदा त्याच्याशिवाय. कॅल्शिअम असताना लूप (साखळीचे वळसे) शांत झाले, आरएमएसएफ, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्ल किती हलतं त्याचं माप, खाली आला, पण दोन गोळ्यांना जोडणारा मधला भाग वाटेल तसा डोलतोय. पुस्तकात तिथे सरळ दांडी दाखवली आहे, म्हणून गाईड म्हणाले की रन चुकला. आता प्रयोगशाळेतही तपासायचं ठरलंय. मी सोलापूरचाच, वयाने बराच मोठा, म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस.

रन चुकलेला नाही. पुस्तकातलं चित्र १९८५ च्या स्फटिक-रचनेवरून आलंय. तिच्यात मधे लांब सलग हेलिक्स (मळसूत्रासारखी गुंडाळी) आहे आणि दोन टोकांना दोन गोळे, म्हणजे डंबेलच. पण स्फटिकात शेजारच्या रेणूंच्या दाटीत जी मुद्रा सोयीची पडते तीच दिसते. १९९२ मध्ये एनएमआरने (चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने) द्रावणातला रेणू पाहिला, तेव्हा ७८ ते ८१ या अमिनो आम्लांजवळ ही दांडी मोडती आणि लवचीक निघाली. तुझ्या आलेखात शिखर याच क्रमांकांच्या आसपास असेल तर गाईडना तो कागद दाखव. भांडू नकोस, नुसता दाखव.

आता मूळ गोष्ट. ‘कॅल्शिअममुळे प्रथिन ताठ होतं का’ असं विचारलं की उत्तर अडकतं. कुठे ताठ होतं, असं विचार.

कॅल्मोड्युलिनमध्ये कॅल्शिअम जिथे बसतो त्या खाचेला ईएफ-हँड म्हणतात: दोन हेलिक्स आणि मधे एक लूप. या लूपमध्ये १२ अमिनो आम्लं असतात. रिकाम्या लूपमध्ये अ‍ॅस्पार्टेट-ग्लुटामेटचे ऋण प्रभार एकमेकांना ढकलत असतात, म्हणून तो ढिला असतो. कॅल्शिअम आला की सात ऑक्सिजन त्याला घेरतात. त्यांतले दोन एकट्या १२ व्या जागेवरच्या ग्लुटामेटचे, आणि खरी खोडी हाच करतो. त्याला कॅल्शिअमपर्यंत पोचायला पुढे सरकावं लागतं, सरकताना तो पाठच्या हेलिक्सला ओढून नेतो. आधी जवळजवळ समांतर पडलेल्या दोन हेलिक्स काटकोनाच्या जवळ येतात. लूप आवळला, पण गोळा उघडला! आतली तेलकट बाजू, विशेषतः मिथिओनिनं, पाण्यासमोर उघडी पडतात. मॅग्नेशिअम त्याच खाचेत बसतो, पण तो लहान, सहा ऑक्सिजनांवर समाधानी. १२ व्या ग्लुटामेटचा एकच ऑक्सिजन घेतो किंवा तोही नाही, त्यामुळे गोळा उघडत नाही. पेशीत मॅग्नेशिअम मिलिमोलरच्या घरात आणि विश्रांतीतल्या न्यूरॉनमध्ये कॅल्शिअम जेमतेम १०० नॅनोमोलर, तरी घोटाळा होत नाही तो यामुळे.

हे नुसतं चित्रातलं नाही. कॅल्मोड्युलिन शुद्ध करताना कॅल्शिअम घालून ते फिनाइल-सेफॅरोजवर, म्हणजे तेलकट भाग धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या कॉलमवर, सोडतात, तिथे ते चिकटून बसतं. कॅल्शिअम पकडून काढून घेणारं ईजीटीए ओतलं की सुटून खाली येतं. उघडली-मिटली बाजू डोळ्यांनी पाहिल्यासारखंच आहे हे. मला तर कुठल्याही रंगीत आकृतीपेक्षा या कॉलमने जास्त शिकवलं.

मग मधला दुवा लवचीक कशाला? कारण पुढचं काम पकडायचं आहे. १९९२ मध्येच मायोसिन लाइट चेन कायनेज या एन्झाइमच्या (कॅल्मोड्युलिनचं एक लक्ष्य) तुकड्यासोबतची रचना आली. दुवा वाकून दोन्ही गोळे त्या तुकड्याला दोन बाजूंनी कवटाळतात. उसाचं कांडं दोन मुठींत घट्ट धरावं तसं. दांडी खरोखर ताठ असती तर मुठी समोरासमोर आल्याच नसत्या. आणि एकदा पकड बसली की कॅल्शिअमही सहज निसटत नाही, कारण लक्ष्याला चिकटलेलं कॅल्मोड्युलिन कॅल्शिअमला जास्त घट्ट धरतं. सायनॅप्समध्ये (दोन न्यूरॉनांच्या सांध्यात) सीएएम-कायनेज-२ या एन्झाइमने स्वतःच्या २८६ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लावला की कॅल्मोड्युलिन तिथे अडकूनच पडतं. न्यूरोग्रॅनिन हे दुसरं लक्ष्य-प्रथिन मात्र उलटं वागतं, कॅल्शिअमची पकड ढिली करतं. त्यामुळे ‘कॅल्मोड्युलिनची बंधनशक्ती अमुक’ असा एकच आकडा सांगणाऱ्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. लक्ष्य कोणतं ते आधी सांगा.

सगळी प्रथिनं अशी वागत नाहीत, व्हायव्हात हे विचारतील. सायनॅप्टोटॅग्मिन-१ या सायनॅप्समधल्या प्रथिनाच्या सी२ भागांत कॅल्शिअम बसतो (सी२ए मध्ये तीन, सी२बी मध्ये दोन), पण त्या भागांच्या बीटा-सँडविचचा (एकमेकांवर ठेवलेल्या दोन चपट्या थरांचा) आकार फारसा बदलत नाही. बदलतो तो टोकाच्या लूपांचा प्रभार, आणि ते पेशीपटलात शिरतात. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या कॅडहेरिनचं आणखी वेगळं. ते पेशीबाहेर असतं, तिथे कॅल्शिअम मिलिमोलरमध्ये कायमच हजर. दर दोन भागांच्या सांध्यात तीन कॅल्शिअम बसतात आणि अख्खा रेणू ताठ होतो. ते काढले की दोरीसारखा लुळा पडतो आणि प्रोटिएझ (प्रथिनं कापणारी एन्झाइमं) त्याचे तुकडे करतात. आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाची काठी आणि तिच्या जागी सुतळी, एवढा फरक. न्यूरॉनांमधल्या एन-कॅडहेरिनलाही हेच लागू.

सिम्युलेशनबद्दल खरी शंका मला दुसरीच आहे. कॅल्शिअमशिवायचा रन तू नुसते आयन पुसून केलास का? तसं असेल तर गोळा काही नॅनोसेकंदांत मिटत नाही, आणि तू मोजलेली रचना ना धड उघडी ना धड बंद. कॅल्शिअमविरहित कॅल्मोड्युलिनची १९९५ ची एनएमआर रचना (प्रथिन-रचनांच्या पीडीबी संग्रहात क्रमांक १सीएफडी) उतरवून घे आणि तिथून सुरुवात कर. शिवाय साध्या फोर्स-फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांची सिम्युलेशनमधली सूत्रं) कॅल्शिअम हा नुसता दोन धन प्रभारांचा ठिपका असतो, तो ऑक्सिजनांना जरा जास्तच धरून बसतो. लूप किती शांत झाले याचा आकडा थोडा हातचं राखून सांग.

आता बेंचवरचं, इथे मी स्वतः मार खाल्लाय. शिकत असताना आमच्या प्रयोगशाळेत डिस्टिलेशनला बोअरचं पाणी होतं. बादलीला, नळाला, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो ते आपलं सोलापूरचं पाणी तुला ठाऊकच आहे. यंत्र जुनं, उकळताना थेंब उडून पलीकडे जायचे. तीन आठवडे माझं ‘कॅल्शिअमविरहित’ प्रथिन कॅल्शिअमयुक्तासारखंच वागलं, आणि मी प्रथिनाला दोष देत बसलो. मग हिशोब केला. लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शिअम म्हणजे १ मिलिमोलर. त्याचा हजारावा हिस्सा जरी आला तरी १ मायक्रोमोलर, म्हणजे न्यूरॉन उत्तेजित झाल्यावर आतला कॅल्शिअम जिथवर चढतो साधारण तेवढा. लंडनच्या सिडनी रिंगर यांची गंमतही हीच. १८८२ मध्ये त्यांच्या द्रावणात बेडकाचं हृदय छान धडधडत राहिलं, आणि पुढच्या वर्षी त्यांना कळलं की ते द्रावण नळाच्या पाण्यात केलेलं होतं. त्यांना त्यातून शोध लागला, मला नुसती बोलणी बसली.

तर पाणी चेलेक्समधून (धातूंचे आयन शोषून घेणारं रेझिन) काढ, बफर काचेच्या बाटलीत न ठेवता प्लास्टिकच्या बाटलीत ठेव, आणि ईडीटीए नको, ईजीटीए वापर, कारण ते मॅग्नेशिअमला सोडून कॅल्शिअमच पकडतं. फक्त ईजीटीए कॅल्शिअम घेताना प्रोटॉन सोडतं, पीएच उतरतो, आणि पीएच उतरला की त्याचीच पकड कमी होते. म्हणून पीएच शेवटी, सगळं मिसळल्यावर पुन्हा बघ. इलेक्ट्रोडही त्याच चेलेक्सच्या पाण्याने धू, नळाखाली नको.