प्रश्न वाचकांचे : घरी भूगोल शिकवताना

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. इंटरनेटवर भूगोलाचं खूप काही फुकट मिळतं, पण त्यातलं काय घ्यायचं आणि मुलं नुसती बघत बसू नयेत म्हणून काय करायचं? खालच्या प्रत्येक उत्तरात एक आग्रह दिसेल: पडद्यावर जे पाहिलं, त्यातलं थोडं तरी मुलाने स्वतःच्या हाताने मोजलं किंवा काढलं पाहिजे.

मुलगी सातवीत आहे. राजधान्या, नद्या तोंडपाठ, पण नकाशा समोर ठेवला की गोंधळते. घरात जुना लॅपटॉप आहे. खर्च न करता सुरुवात कुठून करू? (एक पालक, वाई)

जगाच्या नकाशापासून करू नका, वाईपासूनच करा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन नकाशांच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की ‘ओपन सिरीज मॅप’ या मालिकेतले स्थलनिर्देशक नकाशे पीडीएफमध्ये मोफत उतरवता येतात. प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेमी हे जमिनीवरचं १ किमी. एका नकाशात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग येतो. वाईच्या अक्षांशावर हा भाग साधारण २७ किमी लांबरुंद भरतो, म्हणून पूर्ण नकाशा अर्ध्या मीटरहून मोठा होतो आणि ए-फोर कागदावर मावत नाही.

इथेच पहिली चूक होते. छापताना ‘फिट टू पेज’ तसंच राहतं, नकाशा आक्रसतो आणि २ सेमीला १ किमी हे गणित कोलमडतं. ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ निवडा आणि फक्त आपल्या गावाभोवतीचा तुकडा छापा. एका ए-फोरवर साधारण १० किमी बाय १४ किमी एवढा परिसर येतो आणि पहिल्या महिन्याला तो पुरतो. छापल्यावर नकाशातल्या रेषाप्रमाणावर, म्हणजे किलोमीटर दाखवणाऱ्या आखीव पट्टीवर, मोजपट्टी ठेवून १ किमी खरोखर २ सेमी भरतंय ना, हे मुलीलाच तपासू द्या.

मग घर, शाळा, कृष्णेचा घाट आणि धोम धरण शोधायला सांगा. त्यानंतर पसरणी घाटाकडे वळा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) तपकिरी असतात, दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो आणि दर पाचवी रेषा जाड असते. घाटात या रेषा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तर पाचगणीच्या टेबललँडवर जवळपास रिकामी जागा. ‘रेषा दाट तिथे चढ तीव्र’ हे वाक्य पाठ करून घेण्याऐवजी, ज्या घाटातून तिची एसटी वळणं घेत जाते तिथल्या जाड रेषा तिला मोजू द्या. एक खबरदारी: पारंपरिक संकेतांनुसार कोरडं पडणारं नदीपात्र काळ्या रंगात आणि पाणी निळ्या रंगात दाखवतात. मुलं निळ्या रेषा शोधत बसतात आणि ओढे नाहीतच असं समजतात.

हे जमलं की लॅपटॉपवर ‘गुगल अर्थ प्रो’ घ्या, तेही मोफत आहे. डावीकडच्या यादीत ‘टेरेन’वर खूण असू द्या, नाहीतर डोंगर सपाट दिसतात. ‘अ‍ॅड पाथ’ने पोलादपूर, महाबळेश्वर, वाई अशी रेषा काढून ती जतन करा. मग तिच्यावर उजवं क्लिक करून ‘शो एलिव्हेशन प्रोफाइल’ निवडा. कोकणातून उभा चढ, १,४०० मीटरच्या आसपासचा माथा आणि वाईकडचा उतार, असा सह्याद्रीचा छेद समोर येतो.

तो छेद मात्र फसवा असतो, कारण उभं प्रमाण खूप ताणलेलं असतं. म्हणून मुलीला आलेख कागदावर १ किमीला १ सेमी हे एकच प्रमाण आडवं-उभं दोन्हीकडे वापरून तो पुन्हा काढायला लावा. अंतर सुमारे ४५ किमी, म्हणजे कागदावर ४५ सेमी लांबी आणि उंची जेमतेम दीड सेमी! सह्याद्री पृथ्वीच्या मानाने किती ठेंगणा आणि तरीही पावसाला अडवायला किती पुरेसा, हे तेव्हा कळतं. त्याच छेदावर पाऊस लिहा: महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त, आणि अवघ्या काही किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पर्जन्यछायेचा धडा याहून सोपा करून सांगता येणार नाही.

घरात फक्त फोन आहे आणि दिवसाचा डेटा बेताचाच. आमच्यासाठी काय? (एक पालक, जव्हार)

‘ऑरगॅनिक मॅप्स’ हे अ‍ॅप घ्या. मोफत आहे, जाहिराती नाहीत, खातं लागत नाही. जिथे वाय-फाय मिळेल तिथे महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून ठेवला की पुढे इंटरनेटशिवाय चालतो. थरांच्या खुणेत समोच्च रेषाही सुरू करता येतात. नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून बनवलेल्या प्रकल्पाचा असल्यामुळे पाड्यांची आणि ओढ्यांची नावं काही ठिकाणी नसतील. नसलेलं नाव खातं उघडून तुम्हीच भरू शकता, आणि मराठी नावासाठी तिथे वेगळा रकाना आहे. मोठ्या मुलांसाठी हे अतिशय चांगलं काम आहे, फक्त दुसऱ्या नकाशावरून नाव उतरवायचं नाही, स्वतःला ठाऊक असलेलंच भरायचं. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवरून पीडीएफमध्ये उतरवून फोनमध्येच ठेवा. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडतात. तिथले व्हिडिओ सगळे सारखे चांगले नाहीत, तेव्हा आधी स्वतः पाहून निवडा.

भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. मुलाला ते खरं वाटतं. (एक आजोबा, अकोला)

‘द ट्रू साइज’ या संकेतस्थळावर देशाचं नाव लिहिलं की त्याचा आकार बोटाने नकाशावर सरकवता येतो. ग्रीनलंड विषुववृत्तापर्यंत खाली ओढा, ते आक्रसत जातं. भारत उत्तरेला रशियावर न्या, तो फुगतो. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे, आणि ग्रीनलंड भारतापेक्षाही लहान आहे. भिंतीवरच्या नकाशाचं हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये जहाजांसाठी केलं. त्यात दिशेचा कोन बरोबर राहतो आणि त्याची किंमत क्षेत्रफळाला मोजावी लागते. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग, आणि तो पश्चिमेला सरळ न जाता उत्तरेला ६५ अंशांच्या आसपास चढतो. गुगल अर्थमधल्या मोजपट्टीनेही तोच मार्ग दिसतो.

अक्षांश म्हणजे काय हे सहावीतला मुलगा घडाघडा सांगतो, पण त्याला ते कळलंय असं वाटत नाही. (एक आई, कोल्हापूर)

त्याला कोल्हापूरचा अक्षांश स्वतः काढू द्या. जमिनीपासून टोकापर्यंत बरोबर १०० सेमी भरेल अशी सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, खडू आणि कोनमापक एवढंच लागतं. दिवस २० किंवा २१ मार्च. २३ सप्टेंबरही चालतो, पण आपल्याकडे तेव्हा ढग दगा देतात, म्हणून मार्चच बरा. या दिवसांत सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून भर मध्यान्हीला तो डोक्यापासून जितका कललेला दिसतो, तो कोन म्हणजेच आपला अक्षांश. दोन दिवस मागेपुढे झाले तर पाऊण अंशाचा फरक पडतो, तेव्हा तारीख पाळा.

सपाट गच्चीवर काठी ओळंब्याने उभी करा. काठी एक अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला कलली, तर उत्तरही तेवढंच चुकतं. सावली सगळ्यात आखूड केव्हा होते ते ‘टाइम अँड डेट’ या संकेतस्थळावर आपलं गाव टाकून सौर मध्यान्हाच्या वेळेत पाहा. कोल्हापूरला मार्चमध्ये ती १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमाराला येते. बाराच्या ठोक्याला मोजणं ही नेहमीची चूक. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखांशाची आहे आणि कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला आठ अंशांहून जास्त. दर अंशाला ४ मिनिटं म्हणजे ३३ मिनिटं तिथेच गेली. उरलेली सात-आठ मिनिटं पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे येतात.

साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा, एक वाजेपर्यंत. सर्वांत आखूड सावली निवडा. ती जिकडे पडते ती खरी उत्तर, त्यासाठी फोनचं होकायंत्र लागत नाही. सावलीचं टोक पुसट असतं, सूर्य बिंदू नसून थाळी असल्यामुळे. तो पुसट पट्टा सुमारे १ सेमीचा असतो, त्याच्या मध्यावर मोजा. लांबी ३० सेमीच्या जवळ यायला हवी. आता कागदावर १० सेमीची उभी रेषा आणि तिच्या पायाशी काटकोनात ३ सेमीची आडवी रेषा काढा, दोन्हींची टोकं जोडा आणि वरच्या टोकाशी झालेला कोन मोजा. तो १६ ते १७ अंश भरतो. कोल्हापूरचा अक्षांश आहे १६.७ अंश उत्तर. सावली १ सेमीने चुकली तर उत्तर अर्ध्या अंशाने हलतं, म्हणजे जमिनीवर ५५-६० किमी. ही चूक किती किलोमीटरची झाली हे मुलाला मोजू द्या, त्यातच अर्धा अभ्यास आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. नेमकी तारीख आणि वेळ ‘झीरो शॅडो डे’ या मोफत अ‍ॅपवर गावानुसार मिळते.

आम्ही मेलबर्नला असतो. मुलांनी मराठीतून भूगोल शिकावा अशी इच्छा आहे. इथे बसून काय मिळेल? (एक वाचक, ऑस्ट्रेलिया)

ई-बालभारतीची पुस्तकं तिथेही उतरतात. मात्र ऋतूंचे महिने भारतातले आहेत. डिसेंबर तुमच्याकडे उन्हाळ्याचा, हे मुलांनी वहीत समांतर लिहावं. वर दिलेला काठीचा प्रयोग २० मार्चला तुम्हीही करा. सावली दक्षिणेला पडेल आणि सुमारे ७८ सेमी भरेल. तेव्हा तुमच्याकडे घड्याळं एक तास पुढे असल्यामुळे सौर मध्यान्ह दीडच्या आसपास येतो. महाराष्ट्रातल्या भावंडांनी त्याच दिवशी मोजलं तर दोन कोनांची बेरीज म्हणजे दोन गावांमधलं अक्षांशांचं अंतर.

आणखी एक. तुमच्याकडून उघडलेल्या बऱ्याच नकाशांत जम्मू-काश्मीरची सीमा तुटक रेषेने दिसेल. भारताचा आराखडा लागेल तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा वापरा. इथल्या पाठ्यपुस्तकांत आणि परीक्षांत तोच धरला जातो.

मोसमी वारे फळ्यावर बाण काढून शिकवते, पण मुलांना वारा ‘फिरतो’ हे पटत नाही. (एक शिक्षिका, नाशिक)

‘अर्थ नलस्कूल’ हे वाऱ्यांचा हलता नकाशा दाखवणारं संकेतस्थळ उघडा. खालच्या कोपऱ्यातल्या नावावर क्लिक केलं की यादी येते. त्यात उंची ‘८५०’ निवडा. हा ८५० हेक्टोपास्कल दाबाचा, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा वारा. जमिनीलगतचा वारा डोंगर आणि झाडी यांनी मंदावतो, त्यामुळे चित्र तितकं स्पष्ट येत नाही. आता १५ जानेवारी आणि १५ जुलै या दोन तारखा आलटून पालटून दाखवा. जानेवारीत अरबी समुद्रावर वारा ईशान्येकडून. जुलैत दक्षिण गोलार्धातून आलेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि सोमालियावरून जोरात आपल्या किनाऱ्याकडे येतो. मुलांना दोन कोऱ्या आराखड्यांवर बाण काढू द्या. रंग वेगाचा आहे, तापमानाचा नाही, हे आधीच सांगा. शिवाय हे छायाचित्र नाही, हवामानाच्या प्रारूपातून गणिताने काढलेलं चित्र आहे.

खरी छायाचित्रं हवी असतील तर नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’ आहे. ‘मोडिस’ या उपग्रहावरच्या उपकरणाच्या थरात भारतावर तिरक्या काळ्या फटी दिसतील. उपग्रहाच्या शेजारशेजारच्या फेऱ्यांचे पट्टे आपल्या अक्षांशांवर जुळत नाहीत, म्हणून तिथे चित्रच नसतं. ‘व्हीआयआयआरएस’ या दुसऱ्या उपकरणाचा थर घेतला की फटी जातात. जून ते सप्टेंबर जमीन ढगांखाली असते, तेव्हा हिरवा महाराष्ट्र पाहायचा तर ऑक्टोबरच्या एखाद्या निरभ्र दिवसाची आणि एप्रिलची तारीख शेजारी लावा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहांची ताजी चित्रं असतात. दृश्य प्रकाशातलं चित्र रात्री काळं पडतं, त्या वेळी अवरक्त (इन्फ्रारेड) चित्र पाहा. त्यात पांढरंशुभ्र म्हणजे थंड, उंच ढगमाथा. तिथे पाऊस पडतोच असं नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक असेल तर रोज सकाळी साडेआठची नोंद आणि त्याच वेळचं चित्र वहीत शेजारी चिकटवा. पंधरा दिवसांत मुलं स्वतःच विचारू लागतील की ढग होते, मग पाऊस का नाही पडला.