डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, ऑनलाइन लिलावात खोटी बोली लावतात का? मालवणच्या होमस्टेसाठी नाव घ्यायचंय
लावतात की! डोमेनचे लिलाव करणाऱ्या स्नॅपनेम्सचं बघा, 2009 मध्ये कंपनीनेच कबूल केलं की आपलाच एक माणूस 2005 पासून खोट्या नावाने बोली लावत होता, मग त्याच्यामुळे ग्राहकांनी जास्त भरलेला फरक व्याजासकट देऊ केला. हर्णैच्या मासळी लिलावात भाव चढवणारा समोर दिसतो तरी, इथे नुसतं टोपणनाव. तुम्ही कमाल बोली 20000 टाकली की सिस्टीम तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते, पण खोटा बोलीवाला थोडं थोडं ढकलत तुम्हाला त्या आकड्याजवळ नेतो आणि चुकून तोच जिंकला तर नंतर मेल येतो, 'त्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या बोलीला घेता का?' तिथे सरळ नाही म्हणा, नाहीतर त्याच्या सगळ्या बोल्या काढून उरेल तो भाव मागा. आणि होमस्टेला लिलाव हवाय कशाला, नावापुढे तारकर्ली जोडा, डॉट इन बहुतेक साध्या रजिस्ट्रेशनमध्येच मिळेल.